मुलाच्या नावचं लायसन्स दुसऱ्याच्या हाती द्यावं का?

सिन्नरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलाने गेल्या वर्षी सिव्हिलचा डिप्लोमा पूर्ण केला. सध्या तो पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीच्या साइटवर सुपरवायझर आहे, पगार जेमतेम. वडील माळेगाव एमआयडीसीत कामाला आहेत. नात्यातल्या एका ठेकेदाराने सुचवलं की मुलाच्या नावाने ‘सुबेअ’चं, म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्याचं, सरकारी ठेकेदारीचं लायसन्स काढू. सगळा खर्च मी करतो. डिजिटल सही, पासबुक आणि सह्या केलेले चेक माझ्याकडे राहतील. प्रत्येक कामामागे मुलाला 2 टक्के देईन. कुंभमेळ्याची कामं निघताहेत, तेव्हा उशीर नको. दुसरीकडे एका एजंटाने सरकारी ठेकेदाराला लागणाऱ्या नोंदण्यांची यादी पाठवून 45 हजार मागितले आहेत. ताई विचारतात, होकार द्यावा का? की मुलाने कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेचाच अभ्यास करावा?

ताई, नमस्कार.

ठेकेदारांना नाही म्हणा. नात्यातले आहेत, त्यामुळे अवघड जाईल, तरीही म्हणा. लायसन्स काढायला माझा विरोध नाही. तुमच्या मुलाने ते जरूर काढावं. पण त्याच्या नावाची नोंदणी, त्याची सही आणि त्याचं खातं त्याच्याच हातात राहिलं पाहिजे.

मुळात ही सोय कशासाठी आहे ते पाहू. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांच्याकडची ठरावीक मर्यादेपर्यंतची लहान कामं तीन गटांत वाटली जातात: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुल्या वर्गातले नोंदणीकृत ठेकेदार. पहिल्या दोन गटांसाठी काम वाटप समिती बसते आणि सोडतीने कामं दिली जातात. शाळाखोलीची दुरुस्ती, गावातला काँक्रीट रस्ता, गटार, संरक्षक भिंत, स्मशानभूमीची शेड, अशी ही कामं असतात. हातात पैसा आणि अनुभव नसलेल्या नव्या अभियंत्याला मोठ्या ठेकेदारांशी स्पर्धा न करता सुरुवात करता यावी, म्हणून ही वाट ठेवली आहे. जुन्या ठेकेदाराला तिथे स्वतःच्या नावाने शिरता येत नाही. त्याला तुमच्या मुलाची डिप्लोमाची सनद हवी आहे, आणि त्यासाठीच तो खर्च करायला तयार आहे.

आता डिजिटल सही. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर, निविदा भरायला क्लास 3 ची डिजिटल सही लागते. 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 ची सही देणं बंद झालं आहे. पॅन, आधार आणि व्हिडिओवरून ओळख पटवून ती दिली जाते आणि पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार तिला हातच्या सहीइतकीच किंमत आहे. त्याच कायद्याचं 42 वं कलम सांगतं की सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीच्या मालकानेच घ्यायची. टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याकडे देणं म्हणजे सगळ्या पानांवर सह्या केलेलं कोरं चेकबुक देणं. त्या टोकनाने कोणती निविदा भरली, कोणतं प्रतिज्ञापत्र अपलोड केलं, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी (बिलो) दर टाकला, हे मुलाला कदाचित कळणारही नाही. पण ‘ही सही माझी नाही’ असं म्हणायलाही त्याला जागा उरणार नाही.

दोन टक्क्यांचा हिशेब मांडून बघा. समजा, जीएसटी सोडून 8 लाखांचं काम आहे. मुलाला 16 हजार मिळतील. कागदावर मात्र 8 लाखांची उलाढाल त्याच्या पॅनवर दिसेल. विवरणपत्र त्याने भरायचं, जीएसटी त्याच्या नंबरवर लागणार, खोटी खरेदी बिलं लावली तर नोटीस त्यालाच येणार. काम झाल्यावर दोष दायित्व कालावधी असतो. त्या काळात भिंतीला तडा गेला किंवा रस्ता उखडला तर स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी करारावर ज्याची सही आहे त्याची. केली नाही तर सुरक्षा अनामत जप्त होते आणि नाव काळ्या यादीत जाऊ शकतं. काम परस्पर दुसऱ्याला देण्यास करारातच मनाई असते, त्यामुळे ‘प्रत्यक्षात काम यांनी केलं’ असं सांगणं म्हणजे स्वतःच करार मोडल्याची कबुली. साइटवर एखादा मजूर पडला, तर काय होईल ते मी वेगळं लिहीत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हा सौदा नेहमी ऐकू येतो, आणि तो इतक्या सहजपणे सांगितला जातो की त्यात काही वावगं आहे असं घरच्यांना वाटतच नाही. बाविशी-तेविशीतल्या मुलाचं नाव हीच त्याची पुंजी असते. ती पहिल्याच वर्षी गहाण पडू नये, असं मला फार वाटतं.

एजंटाची यादी तुम्ही पाठवलीत, ते बरं केलंत. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या नाहीतच. सॅम, केज कोड आणि डन्स नंबर ही अमेरिकेच्या संघ सरकारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांची भानगड आहे. तिथे सॅम या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी होते आणि 12 अक्षरी ओळख क्रमांक मिळतो. पूर्वी त्या जागी खासगी संस्थेचा 9 अंकी डन्स नंबर चालायचा, 4 एप्रिल 2022 पासून तो तिथल्या सरकारी कामासाठी बंद झाला. केज हा तिथल्या ठेकेदार कंपनीचा 5 अक्षरी कोड. ती नोंदणी तिकडेही मोफत आहे. सिन्नर तालुक्यातल्या गावात गटार बांधणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. कुठल्या तरी परदेशी पानावरून उचललेली यादी तुमच्याकडे पाठवून त्याचे पैसे मागितले आहेत.

आपल्याकडे लागतं काय? पॅन तर आहेच. त्यातलं चौथं अक्षर पाहा. मुलाच्या पॅनमध्ये तिथे ‘पी’ असेल, म्हणजे व्यक्ती. भागीदारी फर्मचं पॅन वेगळं काढावं लागतं आणि त्यात ‘एफ’ येतो. हे सांगते कारण ‘आपण दोघे पार्टनर’ असं तोंडी म्हणत मुलाच्या वैयक्तिक पॅनवर धंदा करणारे असतात. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा. पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तेच पॅन. म्हणून जीएसटीचं काहीही थकलं तरी माग थेट माणसापर्यंत लागतो. सेवांसाठी 20 लाखांपर्यंतच्या उलाढालीला कायद्याने नोंदणीची सक्ती नाही, पण बहुतेक निविदांच्या अटींत जीएसटी क्रमांक मागतात. घेतला की काम असो वा नसो, विवरणपत्र भरावंच लागतं. निरंक विवरणाला उशीर झाला तरी दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढतं. म्हणून पहिलं काम समोर दिसेपर्यंत तो क्रमांक घेऊ नये, असं माझं मत आहे.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, एक रुपयाही लागत नाही. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत आहे. फी मागणारी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, तेव्हा पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे मुलाला बघायला सांगा. एक गैरसमजही काढून टाकते. ‘उद्यम असलं की अनामत रक्कम भरावी लागत नाही’ असं एजंट सांगतात. केंद्राच्या खरेदी धोरणातली ती सवलत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वस्तू व सेवांच्या खरेदीत मिळते, बांधकामाच्या ठेक्यांना ते धोरण लागू नाही. तीच गत जेमची, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराची. 2016 मध्ये सुरू झालेलं ते पोर्टल मुख्यतः वस्तू आणि सेवांसाठी आहे. नाशिकरोडच्या प्रेसला किंवा ओझरच्या एचएएलला माल पुरवायचा असेल तर ते कामाचं. तुमच्या मुलाला आज त्याची गरज नाही, आणि तिथेही विक्रेता म्हणून नोंदणी करायला एजंट लागत नाही.

उरली मुख्य नोंदणी, सार्वजनिक बांधकाम विभागाची. डिप्लोमाची सनद, रहिवासी दाखला, पॅन, आधार, चारित्र्य पडताळणी, नोकरीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, बँकेचा ऐपत दाखला असे कागद लागतात. नेमकी यादी, वयाची अट आणि शुल्क ताज्या शासन निर्णयातून घ्यायचं. त्र्यंबक रोडवर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मुलाने स्वतः जाऊन विचारावं. कारकुनाशी, शाखा अभियंत्याशी बोलणं हा या धंद्यातला पहिला धडाच आहे, तो एजंटाकडून करून घेण्यासारखा नाही.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. सनदेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, बँकेत स्पेलिंग वेगळं. डिजिटल सही पॅनवरच्या नावाने निघते आणि नोंदणी सनदेवरच्या नावाने होते; दोन्हींत फरक निघाला की अर्ज परत येतो. या महिन्यात फक्त एवढंच करा: सगळे कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधार आणि पॅनमधली दुरुस्ती सोपी असते. नावच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ जातो.

कुंभमेळ्याची घाई मनातून काढून टाका. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2027 मध्ये अमृत स्नानं, हे खरं. घाट, रस्ते, पूल, मलजल यांची मोठी कामं निघतात, हेही खरं. पण ती खुल्या ई-निविदेने जातात आणि तिथे मागच्या वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, यंत्रसामग्री बघतात. आज नोंदणी केलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं काही थेट येणार नाही. लहान कामं सिंहस्थ संपल्यावरही राहतीलच.

पैशांचं मात्र उघड बोलायला हवं, कारण इथे नवी मुलं बुडतात. काम मिळालं की सिमेंट, खडी, मजुरी आधी खिशातून जाते. नंतर मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, मग बिल निघतं, मग निधी आला की पैसे. त्या 8 लाखांच्या बिलातून आयकराचे 1 टक्का म्हणजे 8 हजार, कराराची रक्कम अडीच लाखांवर असल्याने जीएसटीचे 2 टक्के म्हणजे 16 हजार आणि बांधकाम कामगार उपकराचे 1 टक्का म्हणजे 8 हजार कापले जातात. पहिले दोन विवरणपत्र भरल्यावर जमा धरले जातात, उपकर परत येत नाही. सुरक्षा अनामत अडकते ती वेगळीच. आणि निधी वेळेवर येईलच असं नाही: 2025 मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरच्या ठेकेदारांनी आंदोलनं केली, हे तुम्ही वाचलं असेल. मुलाने नोकरी सोडली की तुमच्या घरात एकच पगार उरेल. दागिने मोडून किंवा सावकाराकडून उचलून पहिलं काम करायचं नाही, एवढं तिघांनी बसून ठरवा. किमान सहा महिने बिल आलं नाही तरी घर चालेल, इतपतच रक्कम गुंतवायची.

आता परीक्षेबद्दल. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महापालिका या सगळीकडे कनिष्ठ अभियंत्याची भरती होते, पण तिचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. मुलाचा कल अभ्यासाकडे असेल तर दीड-दोन वर्षं मनापासून द्यावीत. मात्र सरकारी नोकरी लागली की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे स्वतःचा धंदा करता येत नाही, म्हणजे लायसन्स सोडावं लागेल. तसंच पगारी नोकरीत राहून ‘बेरोजगार अभियंता’ असं प्रतिज्ञापत्र देणंही खोटं ठरेल. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

मला विचाराल तर क्रम असा असावा. अजून एक वर्ष त्याने साइटवरच राहावं, पण सुपरवायझर म्हणून नुसती हजेरी घेत नाही. स्टीलचं बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता), मोजमापं, दरसूचीवरून अंदाजपत्रक, काँक्रीटच्या मजबुतीची क्यूब टेस्ट, बिलाचा मसुदा, हे सगळं त्याच्या हाताखालून गेलं पाहिजे. सध्याच्या ठिकाणी हे शिकायला मिळत नसेल तर सरकारी काम करणाऱ्या एखाद्या ठेकेदाराकडे जावं. सकाळचे दोन तास परीक्षेचा अभ्यास. तेवढ्यात एखादी भरती निघाली तर देऊन बघावी. वर्षाने नोकरी सोडून स्वतःच्या नावाने नोंदणी, स्वतःचं चालू खातं, स्वतःची डिजिटल सही, आणि पहिलं काम गावाजवळचं, रोज जाता येईल असं.

नात्यातल्या त्या ठेकेदारांना तोडून बोलायची गरज नाही. त्यांना सांगा, ‘मुलाला तुमच्याकडे साइट इंजिनिअर म्हणून ठेवा, नेमणुकीचं पत्र द्या, पगार बँकेत द्या.’ त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यातून पोराला खरंच शिकता येईल. ते या अटीवर तयार झाले तर मुलाला पाठवा. फक्त पासबुक आणि टोकनाचा विषय निघाला तर तिथेच थांबा. अर्जाचे कागद जमले की नावांची पडताळणी करायला मुलाला माझ्याकडे पाठवलंत तरी चालेल. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स पुरेत.