हुमण चालेल, पण कुठल्या माशाचं?

म्हापशाहून आई लेकीकडे निघाली की बॅगेत नाचणीचं पीठ, सोलां आणि सुके बांगडे असतातच. लेक लंडनला असो की न्यू जर्सीत, गरोदरपणात यातलं बहुतेक सगळं कामाला येतं. घोळ होतो तो मासे निवडताना आणि लोहाची गोळी घेताना.

दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्या माशाच्या मांसात वर्षानुवर्षं पारा साठत जातो. शिजवून, तळून तो जात नाही. म्हणून मोरी, म्हणजे शार्क, नऊ महिने बंद, तिच्या आंबटतीखाची कितीही आठवण आली तरी. अमेरिकेच्या टाळायच्या यादीत किंग मॅकरेलही आहे, आणि देशी दुकानातलं गोठवलेलं ‘किंगफिश’ म्हणजे बहुतेकदा आपली इसवण (सुरमई). तीही बाजूला ठेवलेली बरी. नुसतं ‘मॅकरेल’ लिहिलेला लहान मासा वेगळा, तो बांगड्याच्या जागी हुमणात खुशाल घाला. तारले, बांगडे यांत पारा कमी आणि बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए (एक ओमेगा-3 स्निग्धाम्ल) भरपूर. अमेरिकेत कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम खायला सांगतात. ब्रिटनमध्ये तेलकट मासे आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा, दर वेळी शिजवलेले साधारण 140 ग्रॅम. तिसऱ्या पूर्ण शिजवा. ज्यांचे शिंपले उघडले नाहीत त्या टाकून द्या.

आता गोळी. सकाळी चहाबरोबर किंवा आईने दिलेल्या दुधाबरोबर ती घेतली, तर निम्मी मेहनत वाया. चहातलं टॅनिन आणि दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर, शक्यतो रिकाम्या पोटी घ्या. चहा-कॉफी त्याआधी तासभर आणि नंतर दोन तास नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, निदान दोन तासांच्या फरकाने. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्या. शौच काळं होतं, त्याने घाबरू नये.

पाकिटावरचा आकडाही नीट वाचा. फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे 65 मिलिग्रॅम असतं. भारतातली सरकारी गोळी 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची. गोव्याहून आणलेल्या गोळ्या आणि परदेशातल्या मिडवाइफने (प्रशिक्षित सुईणीने) दिलेल्या, दोन्ही सुरू ठेवू नका. दोन्ही पाकिटं तिच्यासमोर ठेवून कुठली चालवायची ते विचारा. कॉड लिव्हर ऑइल तर नकोच, त्यातलं जीवनसत्त्व ‘अ’ बाळाला बाधतं. माती किंवा खडू खावासा वाटला तर ते डोहाळे समजून हसण्यावारी नेऊ नका, रक्त तपासून घ्या.

तांबड्या भाजीतही लोह आहे. खोबरं घालून परता आणि ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. आधीच पिळून उकळलं तर ‘क’ जीवनसत्त्व बरंच उडून जातं.

नाचणीचं तिजान (पेज) घेतलं की दूध नको, हा एक गैरसमज आहे. 30 ग्रॅम नाचणीच्या पिठात कॅल्शियम 100 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि भारतातल्या शिफारशीप्रमाणे दिवसाची गरज 1000. म्हणजे तिजान चांगलंच, पण दूध-दही त्याने सुटत नाही.

मिठाचं तर कुणी बघतच नाही. ब्रिटनमध्ये दुकानातलं साधं मीठ बहुधा आयोडीनविना असतं, आणि मिठागरातलं गोव्याचं खडेमीठही तसंच. ब्रिटनमध्ये आयोडीन मुख्यतः दूध, अंडी आणि माशांतून मिळतं. हे तिन्ही न खाणारीने आपल्या जीवनसत्त्वांच्या गोळीत आयोडीन आहे का ते विचारावं. थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला.

‘दोघांचं जेव’ म्हणून ताटात भात वाढवत नेऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही. ब्रिटनमध्ये शेवटच्या तीन महिन्यांत फक्त 200 कॅलरी वाढवायला सांगतात, भारतीय शिफारस 350 ची आहे. नारळाचा रस आणि गूळ घातलेलं वाटीभर तिजान यातलं बरंचसं भागवतं. आपल्याकडच्या बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून 24 ते 28 आठवड्यांतली साखरेची तपासणी चुकवू नका. डोहाळजेवण त्याच सुमारास असेल तर तपासणी आधी उरका, पाच प्रकारची पक्वान्नं नंतर.