अमेरिकेत व्यसनाधीन किंवा मानसिक आजार असलेल्या आरोपीला तुरुंगाऐवजी उपचार मिळू शकतात का?

मिळू शकतात, पण सरसकट नाही. १९८९ साली मायामीत पहिले ‘ड्रग कोर्ट’ (व्यसनाधीन आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवणारे विशेष न्यायालय) सुरू झाले आणि १९९७ साली फ्लोरिडातल्याच ब्रॉवर्ड काउंटीत मानसिक आरोग्य न्यायालय आले. सहभाग ऐच्छिक असतो. आरोपीने उपचार, लघवीच्या अचानक होणाऱ्या तपासण्या आणि न्यायाधीशांसमोरची नियमित हजेरी पाळली, तर आरोप रद्द होऊ शकतात किंवा शिक्षा सौम्य होऊ शकते. एखाद्या वेळी पुन्हा सेवन घडले, तर सहसा लगेच बाहेर काढत नाहीत. माझ्या मते खरी मेख प्रवेशाच्या अटींत आहे: अनेक ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि मग उपचार अर्धवट सोडल्यास खटला न चालताच शिक्षा सुनावली जाऊ शकते. संमती देण्यापूर्वी ही अट वकिलांकडून नीट समजून घ्यावी.