‘विसर्ग’ की ‘विसर्गाचा लघुगणक’?

सांगलीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, कृष्णेच्या विसर्गाचा (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचा) आलेख मराठीत काढताना उभा अक्ष लघुगणकी (सारख्या अंतरावर सारखी पट दाखवणारा) घेतला, तर त्याला ‘विसर्ग (क्युसेक)’ म्हणावे की ‘विसर्गाचा लघुगणक’, आणि खुणांपाशी संगणक ‘१ई+०५’ असे जे छापतो, त्याच्या जागी काय लिहावे.

पहिले उत्तर खुणांपाशी कोणते आकडे आहेत, यावर ठरते. तेथे ३, ४, ५ असतील तर ते दहाचे घातांक आहेत. अशा अक्षाला ‘विसर्गाचा लघुगणक’ हेच नाव योग्य आणि त्याला क्युसेक हे एकक जोडणे चूक, कारण लघुगणक ही निव्वळ संख्या असते. उलट १,०००, १०,०००, १,००,००० अशी मूळ मूल्येच लिहिली असतील, तर लघुगणकाने फक्त खुणांमधील अंतरे ठरलेली असतात, मोजलेली गोष्ट विसर्गच राहते. म्हणून तेथे ‘विसर्ग (क्युसेक), लघुगणकी प्रमाण’ असे लिहावे. नाव लघुगणकाचे आणि आकडे मूळ, असा आलेख काटेकोरपणे वाचायचा, तर लाखाच्या खुणेपाशी कृष्णेतून एकावर लाख शून्ये इतके क्युसेक पाणी वाहिले, असा अर्थ निघेल! शाळेत कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १० एकके’ असे लिहायची जी सवय लागते, तीही येथे सोडावी लागते, कारण सारख्या अंतरावर येथे बेरीज होत नाही, पट होते.

‘१ई+०५’ला मात्र मराठीत सरळ ‘१ लाख’ म्हणावे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी अशी दहाच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र संज्ञा आहे, आणि लघुगणकी अक्षाला याहून सोयीचे काय असणार? तरीही ‘अयुत (दहा हजार) क्युसेक’ आज कोणाला कळणार नाही. कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘१ हजार, १० हजार, १ लाख’ हीच भाषा ओळखीची आहे. अक्षावर दहाच्या पटीच्या दहा-बारा पायऱ्या असतील, तरच घातांक वापरावेत.

मधल्या खुणांपैकी २० हजार व ५० हजार यांना आकडे अवश्य द्यावेत. १० हजार ते १ लाख या टप्प्याचा मध्य ५५ हजारांवर नसून सुमारे ३१,६०० वर असतो, आणि ५० हजारांची खूण जवळपास ७० टक्के उंचीवर पडते. या अक्षावर शून्य येऊच शकत नाही; म्हणून सर्वांत खालच्या खुणेचा आकडा कधीही गाळू नये, नाहीतर वाचक तेथे शून्यच धरतो.