कार्ड खाटेचं, खर्च गोळ्यांचा

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही लातूर जिल्ह्यातले. सासऱ्यांना सात वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. गेल्या वर्षी रांगेत उभं राहून घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डं काढली, वाटलं दवाखान्याचा खर्च मिटला. पण मेडिकलमध्ये महिन्याला दीड-दोन हजार जातातच, डॉक्टरची फी आणि लॅब वेगळी. मेडिकलवाल्याला कार्ड दाखवलं तर म्हणाला हे इथं चालत नाही. मग उपयोग काय या कार्डाचा? विम्यानं तब्येत खरंच सुधारते का, कुणी अभ्यास केलाय का?

उत्तर : ताई, मेडिकलवाला खरं तेच बोलला. कार्ड काढताना तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. आयुष्मान भारत काय नि आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही ॲडमिट झाल्यावरच्या योजना आहेत, कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत, ते पण यादीतल्या आजाराला आणि यादीतल्याच दवाखान्यात. रोजची गोळी, ओपीडीची फी, महिन्याची रक्ततपासणी त्यात बसत नाही, आणि शुगर-बीपी तर सगळी त्या रोजच्या गोळीवरच सांभाळायची असते.

अभ्यासाचं विचारलंत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००८ साली मेडिकेड या सरकारी विम्यात जागा कमी आणि इच्छुक फार होते म्हणून चक्क सोडत काढली, त्यामुळं अभ्यासकांना सारख्याच परिस्थितीतली माणसं तपासता आली, काहींना विमा लागलेला, काहींना नाही. साधारण दोन वर्षांनी बघितलं तर विमावाले डॉक्टरकडं जास्त जात होते, शुगरचं निदान आणि औषधं वाढली होती, नैराश्य कमी झालं होतं आणि आजारपणात घर बुडायची वेळ जवळजवळ कुणावर येत नव्हती. पण बीपी, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये ठळक फरक दिसला नाही. बरं, तिथल्या विम्यात ओपीडी धरलेली होती! म्हणजे विमा घर वाचवतो, ते फार मोठं आहे, पण शुगर खाली आणायला पुढची काळजी नीट मिळावी लागते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१८ मध्ये हेच मांडलं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांत उपचारानं टळू शकले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू होतात, त्यातले ५० लाख दवाखान्यापर्यंत पोचलेल्या माणसांचे. पोचले, पण उपचार धड मिळाले नाहीत. हा आकडा वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते.

धड उपचार म्हणजे काय ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बघितलं. एक आजी उन्हातून चालत आल्या, धापा टाकत बसल्या, सिस्टरनी लगेच बीपी घेतला नाही, पाणी दिलं, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं शांत बसवलं, ब्लाउजची घट्ट बाही वर न सरकवता दंडातून काढून उघड्या दंडावर पट्टा बांधला आणि मधे थांबून दोनदा मोजलं. याला पैसे किती लागले? काहीच नाही.

आता तुमचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. सासऱ्यांना जुनी फाईल घेऊन जवळच्या केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या, नाव नोंदवा, महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्या म्हणा. एखादी गोळी तिथं नसेल तर फक्त तेवढी जनऔषधी केंद्रातून घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

कार्ड मात्र रेशनकार्ड आणि आधारसोबत एकाच पिशवीत ठेवा. देव न करो, पण ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, गाठा, मगच काउंटरवर पैसे भरा. माझ्या ओळखीतल्या एका घरानं घाईत डिपॉझिट भरलं आणि नंतर ते परत मिळवायला त्यांना महिनाभर हेलपाटे घालावे लागले. कुणी अडवलं तर १५५३८८ ला फोन करा.

आणि सासऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर शेवटची कधी तपासली ते पत्रात नाही, ती तपासून आकडा मला कळवा.