म्हैस फोटोत उतरायची तर

प्रश्न : माझ्याकडं दुसऱ्या वेताची पंढरपुरी म्हैस आहे. व्यायला महिना झाला. दिवाळी पाडव्याला तिला सजवून बाहेर काढली की रस्त्यावर माणसं थांबून बघतात. आता घरच्या अडचणीमुळं विकायची आहे. मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर टाकले, पण सगळ्यांत नुसता काळा ढीग दिसतोय. किंमत राहू दे, साधा फोनसुद्धा येत नाही. चार फोटो सोबत पाठवतोय. काय चुकतंय?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : चारही फोटो बघितले. तीन गोठ्यातले आहेत. म्हैस दावणीला, तिच्यामागं उघडं दार, दारातून डोळे दिपवणारं ऊन, आणि पुढं शेणाची बुट्टी. म्हैस कुठं संपते आणि अंधार कुठं सुरू होतो ते मलाही कळलं नाही. मी तीस वर्षं कॅमेरा धरतोय. लग्नं कमी झाली तशी गेली काही वर्षं जनावरंच जास्त काढतो.

काळं जनावर मोबाइलला फसवतं. मोबाइल समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी धरतो. मागं उजळ दार असलं की तो उजेड कमी करतो आणि म्हशीचा कोळसा होतो. उलट चौकटभर म्हैसच असली की त्याला वाटतं अंधार पडलाय. मग तो उजेड वाढवतो आणि काळीभोर म्हैस धुरकट, राखाडी दिसायला लागते. तुमचा चौथा, अंगणातला फोटो तसाच झालाय. यावर उपाय सोपा आहे. स्क्रीनवर म्हशीच्या बरगड्यांवर बोट दाबून धरा. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते हळूहळू खाली ओढा. कातडं काळं दिसतंय आणि बरगड्यांवरची चकाकीही टिकून आहे, अशा जागी थांबा.

वेळ सकाळी साडेआठच्या आतली, नाहीतर संध्याकाळी पाचनंतरची. ऊन तुमच्या पाठीमागून, जरा तिरकं यावं. भर दुपारी म्हशीची पाठ चमकते आणि कास सावलीत जाते. घेणारा तर आधी कासच बघतो. भादरायची असेल तर चार-पाच दिवस आधी भादरा, त्याच सकाळी नको, वस्तऱ्याचे पट्टे दिसतात. तेलाचं म्हणाल तर पाडव्याला आपण निथळेपर्यंत लावतो. फोटोत त्याचे पांढरे ठिपके उठतात. तळहातावर थोडं घेऊन फडक्यानं जिरवा, तेवढं पुरे.

मागं काय आहे ते बघा. आपल्याकडं सगळे उसाच्या फडापुढं जनावर उभं करतात. गडद हिरव्यापुढं काळी म्हैस म्हणजे तिला फडात लपवल्यासारखंच. कडब्याची गंजी, चुन्याची भिंत किंवा तोडणी झालेलं मोकळं रान बघा. पिवळ्यापुढं काळं कसं उठून दिसतं ते एकदा बघाच. जमीन घट्ट हवी, खूर दिसले पाहिजेत. पुढचे दोन पाय दोन-तीन बोटं उंचावर घेतले तर पाठीची रेघ सरळ येते.

आता माझी एक फजिती. असल्या पहिल्याच कामाला गेलो तेव्हा लग्नातल्या सवयीनं म्हशीच्या अगदी तोंडाशी उभा राहून रुंद लेन्सनं फोटो मारले. घरी उघडून बघतो तर डोकं रेड्याएवढं आणि मागचा पुठ्ठा शेळीचा. मालक म्हणाले, "साहेब, ही आमची न्हवं." तेव्हापासून आठ-दहा पावलं लांब उभा राहतो, मोबाइल असेल तर झूम दुप्पट करतो आणि चक्क उकिडवा बसतो. मोबाइल म्हशीच्या पोटाच्या मध्यावर आला पाहिजे. उभ्यानं काढला की पाय आखूड दिसतात.

शिंगांकडं जरा जास्त लक्ष द्या, कारण पंढरपुरीची ओळखच ती. तलवारीसारखी मागं, पार खांद्यापलीकडं गेलेली. गंमत अशी की बाजूनं फोटो काढला की काळं शिंग काळ्या अंगावर पडतं आणि दिसेनासंच होतं. तुमच्या चौथ्या फोटोत म्हैस अक्षरशः बिनशिंगी वाटतेय! म्हणून मोहरकी (तोंडाची दोरी) धरणाऱ्याला तोंड थोडं वर उचलायला आणि तुमच्याकडं किंचित वळवायला सांगा. शिंगाचं टोक अंगावरून सुटून मागच्या पिवळ्या कडब्यावर आलं पाहिजे. शिवाय समोरून, जरा उंचावरून, दोन्ही शिंगांचा एक वेगळा फोटो काढा. शिंगांची ठेवण भारकंड, टोकी की मेटी हे जाणत्याला सांगावं लागत नाही, तो फोटोवरूनच ओळखतो. कपाळावर चांद किंवा शेपटीचा गोंडा पांढरा असेल तर तोही दिसू दे.

एका म्हशीचं डावं शिंग टोकाला पिचलं होतं. मालकांनी हळूच उजवी बाजू पुढं केली, मीही गप्प राहून काढली. फोटो झकास आले. घेणारा मंगळवेढ्याहून टेंपो घेऊन आला, म्हशीला एक फेरी मारली आणि चहासुद्धा न घेता परत फिरला. टेंपोचं भाडं त्याच्या अंगावर पडलं, आणि त्या मालकांची पुढची म्हैस त्या भागात कुणी बघायलाही आलं नाही. तेव्हापासून खोड असेल तिचा फोटो मी आधी काढतो.

पाय. चारही दिसले पाहिजेत. तुमच्या बाजूचा मागचा पाय थोडा मागं घेतला की कासेचा पुढचा भाग आणि सड उघडे होतात. कासेचा मागचा भाग दाखवायला शेपूट बाजूला धरून मागून एक फोटो घ्या. धार काढायच्या आधी घ्या, पण त्यासाठी एक वेळ चुकवून कास तटवू नका. दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, तेच निमित्त होतं. उलट धार काढल्यावरचाही एक फोटो टाका. चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी मोकळी होते, मांसल कास तशीच फुगीर राहते. जाणता माणूस या दोन फोटोंवर निम्मा सौदा ठरवतो. गंगावेशीत समोर धार काढून पेला हातात देतात. त्या कोल्हापूरच्या माणसाला दुधाचा नुसता आकडा लिहून काय पटणार? बादली दिसेल असा धारेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका, आणि चालतानाचा एक.

कान टवकारायचे असतील तर आरडाओरडा नको. तुमची म्हैस पाडव्याची आहे, हाकेला ओळख देणारी. तुम्ही स्वतः फोटो काढणाऱ्याच्या मागं उभं राहून एकदाच हाक मारा. एकदाच. तिसऱ्या हाकेला ती तुमच्याकडं ढुंकूनही बघणार नाही. तेही नाही जमलं तर सरकी पेंडीची पिशवी वाजवा.

फोटोखाली वेत, व्याल्याची तारीख, दोन्ही वेळचं वेगवेगळं दूध आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून बारीक करतो आणि सगळी मेहनत पुसट होते.

प्रश्न : माझा खिल्लार खोंड आदत (अजून दुधाच्या दातांचा) आहे, पांढराशुभ्र. फोटोत कधी मळकट दिसतो, तर कधी नुसता पांढरा फराटा. शिवाय अनोळखी माणूस बघितला की बुजतो.
— एक वाचक, कागल

उत्तर : तुमचं सगळं वरच्या उलट. खोंड चौकटभर आला की मोबाइल उजेड कमी करतो, म्हणून मळकट. मागं अंधार असला की वाढवतो, म्हणून फराटा. बोट वशिंडावर दाबा आणि सूर्याचं चिन्ह हळूहळू वर ओढा, पण गळ्याच्या पोळीच्या घड्या दिसत राहतील तेवढंच. तुम्हाला मात्र उसाचा फड चालेल, नव्हे, शोभेल. थोडं ढगाळ असेल तर त्याहून बरं. बुजतो म्हणता, तर मला किंवा कुणा फोटोग्राफरला बोलावू नका. रोज वैरण टाकणाऱ्या घरच्याच पोराच्या हातात मोबाइल द्या. कासरा लांब ठेवा, धरणारा चौकटीबाहेर. आणि आदत म्हणताय तर ओठ वर करून दातांचा एक स्वच्छ फोटो टाका, नाहीतर पहिला फोन त्यासाठीच येईल.

प्रश्न : झूल, गोंडे, घुंगुरमाळ घालून फोटो काढावा का? शिंगं रंगवलेली चालतील?
— एक वाचक, मुरगूड

उत्तर : हौसेचा एक काढा, शेवटी टाका. झुलीखाली पाठ झाकते आणि गोंड्याखाली मान. शिंगांचा रंग मात्र आधी उतरवा, रंगाखाली चीर आहे का म्हणून घेणारा नखानं खरवडून बघतोच.