दुकानात ठेवलेली बॅटरी आधी घरी आणा

प्रश्न : मी सांगलीत राहतो. मार्चमध्ये कोल्हापूरच्या एका दुकानातून मोटारसायकलसाठी नवी बॅटरी घेतली. जुनीचे ३५० वजा करून १,८०० रुपये यूपीआयने दिले. बिल म्हणून साध्या चिठ्ठीवर लिहून दिलं. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे, पण तारीख टाकलेली नाही. कार्डाप्रमाणे वॉरंटी ४८ महिने, त्यातले पहिले २४ महिने मोफत बदलून. नऊ महिन्यांतच बॅटरी बसली. बटण दाबलं की नुसतं टकटक, मीटरचा दिवा मंद. गाडीला किक नाही. ‘चार्जिंगला लावून बघतो’ म्हणून दुकानदारानं चार दिवसांपूर्वी बॅटरी ठेवून घेतली, पोच दिली नाही. आता म्हणतो, पक्कं बिल नाही म्हणून वॉरंटी नाही, आणि तुम्ही जीपीएस ट्रॅकर नि मोबाइल चार्जर जोडलाय, दोष गाडीचा आहे. नवी घ्या, हिचे ३०० वजा करतो. पुढच्या शनिवारी आम्ही तिघे मित्र आंबोलीमार्गे कन्याकुमारीला निघणार आहोत. मुक्कामाचे ६,४०० रुपये आगाऊ भरलेत. ट्रिप रद्द झाली तर ते दुकानदाराकडून वसूल होतील का? काय करू?

उत्तर : नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमचे पुढचे आठ दिवस त्यावर ठरणार आहेत. ट्रिप रद्द करू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये नुकसानभरपाईचं मूळ तत्त्व आहे : कराराच्या भंगातून सरळ होणारं, किंवा करार करताना दोघांनाही माहीत असलेलं नुकसान मिळतं, लांबचं मिळत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की, नुकसान टाळायला कोणते उपाय हाताशी होते तेही पाहिलं जाईल. मार्चमध्ये बॅटरी विकताना तुमची डिसेंबरची सहल दुकानदाराला माहीत नव्हती. आणि दोन हजारांची बॅटरी टाकून निघता येत असताना तुम्ही घरी बसलात, तर ग्राहक आयोग पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल. त्यामुळे ६,४०० ची आशा ठेवू नका. नव्या बॅटरीचा खर्च, तपासणीचा खर्च आणि झालेला त्रास, हे मागता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती बसलेली बॅटरी आज दुकानात पडून आहे, तुमच्याकडे पोच नाही, आणि दुकानदार ती ३०० रुपयांत मागतोय. ती सोडू नका. भंगाराच्या भावात तुम्ही तुमचा पुरावा विकून बसाल. माझ्याकडे एक पक्षकार आले होते, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं प्रकरण होतं. सगळे कागद नीट, पण वैतागून त्यांनी जुनी बॅटरी नव्या खरेदीत वळती केलेली. समोरच्यांचा एकच मुद्दा होता : दोष होता कशात, दाखवा. आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. वस्तूच नसेल तर पाठवणार काय?

तपासायला ठेवून घेतलेली वस्तू दुकानदाराची होत नाही. कायद्यात याला निक्षेप म्हणतात (करार कायदा, कलम १४८). तिची योग्य काळजी घेणं आणि काम संपल्यावर ती परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उद्याच कोल्हापूरला जा. निघण्याआधी दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर एवढं टाका : ‘तुमच्याकडून मार्चमध्ये घेतलेली व चार दिवसांपूर्वी तपासणीसाठी ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी, अनुक्रमांक अमुक, मी उद्या परत न्यायला येत आहे. ती बदलून किंवा विकून टाकायला माझी संमती नाही.’ अनुक्रमांक वॉरंटी कार्डावर असेल. नसेल तर तुम्ही कधी बॅटरीचा फोटो काढला होता का, ते फोनमध्ये शोधा. बॅटरी हातात आली की दुकानातच उभे राहून चारही बाजूंनी फोटो घ्या. अनुक्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दाखवणारा कोड स्पष्ट दिसू द्या. अनुक्रमांक जुळत नसेल, तर तिथेच तसं लिहून पाठवा. ‘तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

एक शक्यता अशी की दुकानदार बॅटरी चार्ज करून देईल, गाडी सुरू होईल आणि तो म्हणेल, झाली ठीक. तिच्यावर भरवसा ठेवून कन्याकुमारीला निघू नका. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल आणि बॅटरी पूर्ण बसली, तर धक्का मारूनही ती सुरू होत नाही, कारण पेट्रोलच्या पंपालाच वीज लागते. गोकर्णच्या लॉजबाहेर सकाळी सहा वाजता ते कळण्यात अर्थ नाही.

दुकानदाराच्या पहिल्या बचावात फारसा दम नाही. बिल न देणं ही त्याची चूक आहे, आणि स्वतःच्या चुकीचा फायदा त्याला घेता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता, तारीख, वस्तूचं वर्णन असं काय काय हवं, ते त्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत दिलेलं आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला २०० रुपयांच्या खालीच बिलातून थोडी सवलत आहे, १,८०० च्या वस्तूला नाही. खरेदीची तारीख तुमच्या यूपीआयच्या नोंदीत आहे. चिठ्ठीतली रक्कम तिच्याशी जुळते, कार्डावर शिक्का त्याचाच आहे. एवढ्यावर खरेदी सिद्ध व्हायला अडचण नाही. फक्त स्क्रीनशॉटवर थांबू नका, बँकेचा त्या महिन्याचा उतारा काढून ठेवा.

दुसरा बचाव मात्र गंभीरपणे घ्या. ट्रॅकर आणि चार्जर थेट बॅटरीला जोडलेले असतील, तर गाडी बंद असतानाही वीज जात राहते. आठवडा-आठवडा उभी राहणारी गाडी अशानं खरोखर उतरते, आणि अशा जोडणीमुळे वॉरंटी जाते असं कार्डाच्या मागे बारीक अक्षरात असू शकतं. ते आजच वाचा. मग गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आणि बॅटरी दोन्ही न्या आणि तीन आकडे जॉबकार्डावर लिहून घ्या. पहिला, बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावरचा व्होल्टेज. चांगली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. आत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. त्यातला एक गेला की रात्रभर चार्ज करूनही काटा साडेदहाच्या आसपास अडकतो, आणि तसा आकडा निघाला तर दोष बॅटरीचाच, हे म्हणणं पुष्कळ बळकट होतं. दुसरा, इंजिन चालू ठेवून थोडा अॅक्सिलरेटर दिल्यावरचा व्होल्टेज. तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असेल तर गाडीचं चार्जिंग ठीक आहे. तिसरा, चावी बंद असताना किती मिलिअँपिअर वीज जाते तो. हे मोजण्यासाठी चालू बॅटरी लागेल, तेव्हा नवी बसवतानाच करून घ्या.

हे आकडे तुमच्या विरुद्ध गेले, म्हणजे गाडीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर खराब निघाला किंवा ट्रॅकर खूप वीज ओढतोय असं दिसलं, तर दावा सोडून द्या आणि निघण्याआधी गाडी दुरुस्त करा. नाहीतर नवी बॅटरीही वाटेत बसेल. हे मी वकील म्हणून मनापासून सांगतोय, खोट्या बाजूवर उभं राहून दोन वर्षं घालवण्यात काही मिळत नाही.

आकडे तुमच्या बाजूनं असतील तर नवी बॅटरी दुसऱ्या दुकानातून घ्या. पक्कं बिल, त्यावर अनुक्रमांक, कार्डावर तारीख-शिक्का, सगळं काउंटरवरच भरून घ्या. जुनी वजा करू नका, तेवढे पैसे जास्त गेले तरी चालतील. घरी ती उभी, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि विम्याची पॉलिसी एकदा उघडून बघा. रोडसाइड असिस्टन्सचं कलम घेतलं असेल तर वाटेत बॅटरी बसल्यावर मदत मिळते, तो नंबर तिघांच्याही फोनमध्ये ठेवा.

निघण्याआधी आणखी एक काम, अर्ध्या तासाचं. वॉरंटी बॅटरीच्या कंपनीची आहे, त्यामुळे एकाच पत्रात कंपनी आणि दुकान दोघांनाही लिहा : खरेदी, अनुक्रमांक, तपासणीचे आकडे, आणि १५ दिवसांत बदलून द्या किंवा पैसे परत करा. स्पीड पोस्टानं पाठवा, ई-मेलही करा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. कंपनी हेल्पलाइनवरच्या तक्रारीला बहुधा उत्तर देते, आणि एवढ्या रकमेची प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान कोल्हापूरचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीत, तक्रार करता येते, कलम ३४ मध्ये ती मुभा २०१९ च्या कायद्यानं दिली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा घाई नाही. कायद्याप्रमाणे निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरून चला.

कंपनीनं बॅटरी बदलून द्यायची तयारी दाखवली, तर तेव्हाच जुनी त्यांच्या हवाली करा आणि अनुक्रमांकासह पोच घ्या. तोवर ती कुणी भंगारवाला मागायला आला तरी देऊ नका. प्रकरण संपलं की तीही कचऱ्यात टाकायची नाही, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावी लागते.