केळं निर्दोष आहे!

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा अडीच महिन्यांचा असताना ऑगस्टमध्ये त्याला ब्राँकिओलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज) झाला, टेस्टमध्ये आरएसव्ही व्हायरस निघाला. आधी नुसती सर्दी, मग चौथ्या दिवशी दूध ओढेना, पोट उडायला लागलं, ६ दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आता दीड महिना झाला, बाळ एकदम मस्त आहे, पण मी रात्री चार-चार वेळा उठून मोबाईलचा टॉर्च लावून त्याचे श्वास मोजते. सासूबाई म्हणतात तू केळं खाल्लंस, ते दुधातून उतरलं. नवरा काही बोलतच नाही, ओव्हरटाईम करून अकराला येतो. साडेचार वर्षांची लेक तेव्हा आठवडाभर आजोळी होती, ती आता परत गादी ओली करते. माझंच काही चुकलं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नाही चुकलं. आणि केळं निर्दोष आहे! हा व्हायरस दुधातून उतरत नाही, शिंका-खोकल्यातून आणि हातांवरून येतो, पाळण्याच्या दांडीवर, खेळण्यांवर काही तास टिकतो. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो, आपल्यालाही होतो पण आपण त्याला सर्दी म्हणून सोडून देतो. तान्ह्याच्या श्वासनळ्यांची शेवटची टोकं इतकी बारीक असतात की जराशी सूज आणि चिकट कफ आला तरी वाट बंद.

बऱ्याच घरांत तो शाळेत जाणाऱ्या भावंडाबरोबर येतो, पण हे लेकीसमोर अजिबात बोलू नका. तिच्या बाजूने बघा ना, बाळाला घेऊन सगळे गेले आणि तिला आजोळी सोडलं, या वयात पोरं सरळ हिशोब लावतात की मी पापा घेतला म्हणून असं झालं. गादी ओली झाली तर रागवू नका. बाळाला घेण्याआधी सगळ्यांचे हात धुवून घ्यायचं काम तिला द्या, आजीलासुद्धा ती सोडणार नाही बघा!

श्वासाचं म्हणाल तर झोपेत तान्हं बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच पाच-सात सेकंद थांबतं आणि परत सुरू होतं. टॉर्च लावून तुम्ही नेमकं तेच बघत असणार आणि पोटात गोळा येत असणार, पण या वयात ते नॉर्मल आहे. मोजायचं ते सर्दी-ताप असेल किंवा दूध कमी झालं असेल तेव्हाच, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसले, श्वास १५-२० सेकंद थांबला, किंवा नेहमीच्या निम्मंही दूध जात नसेल तर रात्र असली तरी निघायचं. बाकी वेळी टॉर्च बंद.

बाळंतपणाला जेमतेम चार महिने, त्यात हे आजारपण, झोप उडणारच. पण बाळ गाढ झोपलंय तरी तुम्हाला झोप लागत नाही, सारखं रडू येतं, हॉस्पिटलमधलं तेच तेच डोळ्यासमोर येतं असं असेल तर अंगावर काढू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. औषध लागलंच तरी अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात.

नवऱ्याला एकदा विचारा, बिलाचे पैसे कुठून आणले? बिलिंग काउंटरसमोर फाईलच्या पाठीमागे पेनाने बेरजा करणारे बाप मी रोज बघतो. तुम्ही श्वास मोजताय, तो बहुतेक हप्ते मोजतोय.

सासूबाईंना बाळाच्या लसीच्या पुढच्या डोसला सोबत घेऊन जा, कारण सुनेनं सांगितलं की उलट उत्तर आणि डॉक्टरनं सांगितलं की सल्ला. केळ्याचा विषय तिथेच संपेल, आणि घरात अजून ओवा-वेखंडाची धुरी चालू असेल तर तीही बंद करून घ्या, या छातीला धूर अजिबात नको. पुढे एखाद्या सर्दीत छाती घरघरली तर दाखवा जरूर, पण लगेच बाळदम्याचा शिक्का मारून घेऊ नका.

आणि नवऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, दोनचं दूध झालं की बाळ त्याच्या खांद्यावर द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन झोपा. मोबाईल त्याच्याकडेच राहू दे.